अंधारबेटाच्या दारातले एक लाख बारा हजार तास

'अंधारबेट' या साहसी खेळात मराठी भाषा ३१ मार्चला जगात तिसरी आली आणि १ एप्रिलला काढून टाकण्यात आली. यापैकी काहीही घडलेले नाही, असा ठराव कोलकात्याच्या सह्याद्री स्नेहमंडळाने एकमताने संमत केला आहे (हजर सभासद नऊ, पैकी जागे सात). तेव्हा हे सगळे अजून घडायचे आहे असे समजून पुढे वाचावे.

भाषा टिकवायची तर ती वापरावी लागते, हा एक जुना गैरसमज आहे. वापरल्याने भाषा झिजते. टिकते ती नोंदीमुळे.

डाउनलोडच्या दुकानात प्रत्येक खेळाखाली भाषांची यादी असते. 'अंधारबेट'च्या यादीत मलय आणि मंगोलियन यांच्यामध्ये मराठी होती, ती भवानीपूरच्या नूपुरमुळे. नूपुर जन्मली कोलकात्यात, वाढली कोलकात्यात. मराठी तिने घरातल्या दोन माणसांशी बोलून राखली होती, त्यातला एक मितभाषी. तरी तिने चौदा महिने खपून खेळातली अडतीस हजार चारशे बारा वाक्ये मराठीत आणली. खेळ असा, की एक बाई बेटावर जाते, दीपगृहाचे दार ठोठावते, राखणदार विचारतो, "कोण आहे?" (आवाज एवढ्याच वाक्याला, बाकी सगळे वाचायचे), मग ती उत्तर देऊन आत जाते आणि एकवीस खोल्या ओलांडून वर पोचते. तिथे राखणदार शेवटचे काय ते सांगतो. ते शेवटचे निवेदन नूपुरने अकरा वेळा लिहिले. कुणीतरी एकाने तिथवर पोचून ते वाचावे, एवढीच तिची इच्छा होती. ती अवाजवी होती, पण वय लहान.

जानेवारीत कंपनीचे पत्र आले. तीन महिन्यांत मराठीतून पाच हजार तास खेळले गेले नाहीत तर मराठी काढून टाकण्यात येईल. सोबत तोवरचे आकडे होते. पुण्यातून सतरा जणांनी मराठी पर्याय उघडला होता, पैकी सोळांनी शुद्धलेखनाच्या चुका कळवल्या आणि एकाने त्या सोळांच्या. मुंबईतून खेळाचे तास शून्य, परंतु खेळात मराठी पर्याय नसल्याबद्दल निषेधाची पत्रे चार हजार.

नूपुर पत्र घेऊन मंडळाच्या बैठकीला आली. अध्यक्ष दिगंबरकाका हे एका बँकेचे निवृत्त राजभाषा अधिकारी. भाषेच्या वापराची टक्केवारी काढणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम, आणि त्या कामात भाषेला त्यांनी कधी आड येऊ दिले नाही. त्यांच्या कार्यालयात हिंदी पत्रव्यवहार सत्त्याण्णव टक्के होता. (उरलेले तीन टक्के विश्वासार्हतेसाठी ठेवले होते.) त्यांनी पत्र दोनदा वाचले आणि चष्मा काढला.

"यात खेळायला हवं असं कुठे म्हटलंय? तास हवेत म्हणतात. तास देऊ."

बैठकीतल्या बदलीवर आलेल्या सगळ्या अधिकाऱ्यांचे चेहरे उजळले. हे काम त्यांना येत होते.

लगेच जबाबदारीवाटप झाले. त्रेसष्ट कुटुंबे, एक्क्याण्णव यंत्रे (लॅपटॉप, टॅबलेट आणि सभासद हेमाताईंचा मुलगा अमेरिकेला जाताना मागे ठेवून गेलेला एक संगणक). प्रत्येकाने मराठी निवडून खेळ चालू करायचा, बाईला दारापर्यंत आणायचे आणि आपल्या कामाला लागायचे. अडचण एकच होती, अर्धा तास बटण दाबले नाही तर खेळ बंद पडे. ती अनिकेतने सोडवली. त्याचा हावड्याला पंख्याचे सुटे भाग करण्याचा कारखाना आहे. त्याने दर वीस मिनिटांनी बटणावर टक्कन आपटणारा एक दांडा तयार केला आणि एक्क्याण्णव नग फेरीबोटीने पाठवून दिले. मराठी भाषेसाठी हावड्यात झालेले हे आजवरचे सर्वांत मोठे उत्पादन.

बटण दाबले की बाई दार ठोठावते. त्यामुळे शहरभर पसरलेल्या त्रेसष्ट घरांत दर वीस मिनिटांनी राखणदार विचारू लागला, "कोण आहे?" बेहालाच्या एका इमारतीत कुरियरवाला दर खेपेला जिन्यातूनच आपले नाव सांगू लागला. सॉल्ट लेकला शेजारच्या घोषालबाबूंना या दोन शब्दांवरून मराठी ही फार संशयी भाषा वाटली. फोर्ट विल्यमच्या लष्करी क्वार्टरमधून मात्र दांडा दुसऱ्याच दिवशी परत आला. तिथे "कोण आहे?" असे कुणी वारंवार विचारले की चौकशी लागते.

तास मात्र पडू लागले. पाच हजार तिसऱ्याच दिवशी झाले. सभासद बुक फेअरला गेले, तास चालू. सरस्वतीपूजेला इथे पुस्तकाला हात लावत नाहीत, त्या दिवशीही मराठीने व्रत न मोडता दोन हजार तास केले, कारण वाचत कुणीच नव्हते. फेब्रुवारीत फ्रेंच मागे पडली. मार्चमध्ये जर्मन पडली तेव्हा दिगंबरकाकांनी पेढे वाटले.

परदेशात कंपनीचे संशोधक मात्र काळजीत पडले. फिनलंडचा माणूस त्या दारात सरासरी चाळीस सेकंद थांबतो. मराठी माणूस आठवडेच्या आठवडे तिथे उभा होता. तो दार ठोठावत होता, त्याला "कोण आहे?" विचारले जात होते, आणि तो उत्तर देत नव्हता. दार कठीण आहे, असा निष्कर्ष निघाला. मराठीपुरते उत्तर दारावरच मोठ्या अक्षरांत लिहिण्यात आले. फरक पडला नाही. मग दार उघडेच ठेवण्यात आले. उघडे दार ठोठावले जाऊ लागले. शेवटी राखणदाराला बाहेर आणून "आत या" असे म्हणायला लावले. (हे वाक्य नूपुरने मोठ्या आशेने भाषांतरित केले.) उत्तरादाखल उरलेले सगळे दांडे वेळेवर आपटले.

आता आत कोणीच गेले नाही असे म्हणणे कालिंदीकाकूंवर अन्याय होईल. कालिंदीकाकू सत्त्याहत्तर वर्षांच्या, मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका. दर वीस मिनिटांनी कुणी काही विचारत असताना गप्प बसणे त्यांना असभ्य वाटले. त्यांनी दांडा काढला, राखणदाराला आपले नाव, गाव आणि माहेर सांगितले, आणि आत गेल्या. रोज एक खोली. कंपनीच्या पाहणीत ही नोंद ठळक दिसली, तेव्हा ती यंत्रातला बिघाड समजून वगळण्यात आली.

मार्चच्या अखेरीस नूपुर पुन्हा बैठकीला आली. संशोधकांचा अहवाल तिने वाचला होता, पुढे काय येणार हे तिला दिसत होते. ती म्हणाली, "काका, तास पुष्कळ झाले. आता दोघातिघांनी आत जा ना."

दिगंबरकाका खरोखरच विरघळले. "गेलो असतो गं. पण आत गेलं की वाचावं लागतं."

कुणी हसले नाही. सगळ्यांना ते पटले होते.

३१ मार्चला अंतिम आकडा आला, एक लाख बारा हजार सहाशे चाळीस तास, जगात तिसरा क्रमांक. सोबत प्रशस्तिपत्र आणि निर्णय. मराठी खेळाडूंना दारात उभे राहणे प्रिय आहे, या सांस्कृतिक वैशिष्ट्याचा आदर म्हणून दार मराठीत कायम ठेवण्यात येईल आणि आतली सर्व वाक्ये वापराअभावी उद्यापासून काढून टाकण्यात येतील. मंडळाने प्रशस्तिपत्राला चौकट केली. निर्णयासंबंधी वर उल्लेखिलेला ठराव झाला.

१ एप्रिलला कालिंदीकाकू एकविसाव्या खोलीतून वर पोचल्या. दहा मिनिटांनी त्यांनी नूपुरला फोन केला.

"अगं, तुझा राखणदार काहीतरी महत्त्वाचं सांगणार होता, आणि ऐन वेळी इंग्रजीत शिरला. कळतं मला इंग्रजी. पण तीन आठवडे घरातल्यासारखा बोलत होता तो माझ्याशी. आता हे असं?"

नूपुर भवानीपूरहून मेट्रो आणि मग रिक्षा करून बेहालाला काकूंकडे गेली. खुर्ची ओढून बसली आणि आपल्या फोनमध्ये ठेवलेले ते निवेदन तिने मोठ्याने वाचून दाखवले, अकरावे, मान्य झालेले. वाचायला सात मिनिटे लागली. काकू मध्ये एकदा "परत वाच" म्हणाल्या, म्हणून नऊ. (ही नऊ मिनिटे कुठल्याही आकडेवारीत धरलेली नाहीत. तशी सोय नाही.) वाचून झाल्यावर काकू म्हणाल्या, "दुसऱ्या खोलीत एक चूक आहे तुझी. पण हे चांगलं झालंय."

सबब सर्व मराठी वाचकांना विनंती करण्यात येते की, हा मजकूर ज्या फोनवर वाचत आहात (किंवा पुस्तक वाचताना जो फोन शेजारी पालथा ठेवला आहे) त्याची भाषा आजच्या आज मराठी करावी, आणि किमान सात दिवस तशीच ठेवावी. पूर्तता अहवाल पाठवण्याची आवश्यकता नाही. आपण हे करणार नाही याची नोंद घेऊन, आपली टक्केवारी शंभर असल्याचे वर कळवण्यात आले आहे.