सुंदराकाकीची फेरी

सुंदराकाकी कोणाच्याही घरात शिरताना उंबऱ्यावर तीनदा पाय आपटते, काठी ठोकते आणि आत बघून म्हणते, "आलेय मी. ज्याला निघायचंय त्यानं निघा." हे घरातल्या माणसांना नसतं. माणसं समोरच चहा पीत बसलेली असतात. हे सापाला असतं, असलाच तर. मग ती पाच आकडे मोजते, कारण त्याला निघायला टाइम द्यायला पाहिजे, आणि मगच आत पाय टाकते.

वाडीत नवीन लग्न होऊन आलेल्या एका सुनेला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं आपल्यालाच निघायला सांगतायत. तिनं माहेरी फोन लावला.

आमची वाडी टोकावड्याच्या अलीकडं, रस्ता सोडून आत. मागं रान, पुढं भाताची खाचरं. साप आमच्याकडं पाहुणा नाय, शेजारीच. पण काकी काय सापबीप धरणारी नाय हां. तिनं जन्मात सापाला हात लावलेला नाय. अंगणात पाण्याचा पाइप वेडावाकडा पडलेला दिसला तरी ती लांबून वळसा घालते. साप धरायला मुरबाडचा एक पोरगा बाइकवर बरणी घेऊन येतो. काकीचं काम त्याच्या आधीचं. "त्याला बोलवायची पाळी का येते? तुमी उंदीर पाळता म्हणून."

ती अंगणवाडीत मदतनीस होती, तीस वर्षं. आता रिटायर झाली, पण अर्धी वाडी तिच्या हातून नाक पुसून मोठी झालेली, त्यामुळं तिच्या हिशेबी आमी सगळे अजून सतरंजीवरच बसलोय. सरपंचालासुद्धा म्हणते, "शाना ना तू? मग बूट झटक बघू." सरपंच झटकतो.

रोज दिवे लागायच्या आधी तिची फेरी निघते. लाकडाची मोळी भिंतीला टेकलेली नको. मोरीच्या भोकाला जाळी पाहिजे. कोंबड्यांचा खुराडा झोपायच्या खोलीला लागून नको. आणि सगळ्यात मोठा नियम, जमिनीवर कोणी झोपायचं नाय. खाटेवर झोपायचं, मच्छरदाणी लावून, तिची कड गादीखाली खोचून. काकी दोन बोटांनी ती कड ओढून बघते. सुटली तर म्हणते, "नापास. परत."

आमच्याकडं सांजेला सापाचं नाव घेत नायत. लांबडं म्हणतात, जनावर म्हणतात. काकी मुद्दाम भर अंगणात म्हणणार, "साप म्हणा, साप. नावानं येत नाय तो. सांडलेल्या भातानं येतो."

आता माझं सांगते. मी मुरबाडला झेरॉक्सच्या दुकानात आहे आणि नकला करते. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, मावशीशी फोनवर गोड बोलणारी आमची आई. पण माझा हातखंडा म्हणजे सुंदराकाकी. आवाज थोडा नाकातून काढायचा आणि शेवटचा शब्द शिडीवर चढवायचा. एकदा ओटीवर मी काठी घेऊन रंगात आले होते आणि हसणारे एकेक गप्प व्हायला लागले. मागं काकी उभी.

"काठी आधी ठोकलीस," ती म्हणाली. "पाय आधी. मग काठी."

एवढंच बोलली. पण माझा उपयोग काय, ते तिनं त्याच दिवशी डोक्यात ठेवलं असणार.

दिवाळीच्या तोंडावर तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, कल्याणला, भाचीकडं राहून. आठ दिवस. आणि नेमकं तेव्हाच भात घरात येतं. भातामागं उंदीर, उंदरामागं मण्यार. काकी माझ्याकडं आली आणि काठी माझ्या हातात दिली.

"तुला माझा आवाज काढता येतो ना? मग जा फेरीला."

"काकी, लोक हसतील गो."

"हसू देत. खोचू देत फक्त."

लोक हसले खरे. पण गंमत सांगू, माझ्या तोंडून काकीचा आवाज निघाला की हसता हसता हात आपोआप मच्छरदाणीकडं जायचे. माझ्या आईनंसुद्धा लाकडं सरकवली, आणि ती माझं कधी ऐकत नाय.

राहिला एकच. दामूआबा. म्हातारा एकटा राहतो, पोरगा आसनगावला. आबा जमिनीवर झोपायचा, भाताच्या पोत्यांना उशी लावून. काकीचं आणि त्याचं रोजचं भांडण ठरलेलं. ती म्हणायची, "भावजी, खाटंवर झोपा." आणि तो चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "मरताना खाटंवरून खालीच घेतात ना? मी आधीपासून सवय करतोय." सगळे हसायचे. काकी सोडून.

आबा चार दिवस खळ्यावर होता. काकी कल्याणला गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी तो भात घेऊन घरी आला आणि मी त्याच्या दाराशी पाय आपटले, काठी ठोकली आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "भावजी, खाटंवर झोपा."

आत अंधार होता. आबा दिसला नाय, मी त्याला दिसले नाय.

"वयनी," तो म्हणाला, "एकटीच हायस? ती नकलावाली पोरगी नाय ना संगं?"

तिथं मी खरं सांगायला पाहिजे होतं. पण मी काकीच्या आवाजात म्हणाले, "एकटीच."

"मंग ऐक. खाट हायेच कुटं? पोरानं नेली आसनगावला, सूनबाईची कंबर धरली म्हून. परत मागायला तोंड होत नाय. रोज दारात येऊन इचारतीस, मला लाज वाटती. आता नको इचारूस."

मी चपला हातात घेऊन तिथून निघाले.

घरी येऊन काकीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. काकीनं आधी भाचीला मिक्सर बंद करायला लावला.

"कोणाला बोललीस?"

"नाय."

"बोलू नको. आणि त्याच्या दाराशी माझा आवाज परत काढू नको."

आठ दिवसांसाठी गेलेली काकी पाचव्याच दिवशी परत आली, काळा चष्मा लावून. दुसऱ्या दिवशी दोन पोरांच्या खांद्यावर तिची खाट आणि मागं तिची मच्छरदाणी धरून मी, अशी वरात आबाच्या अंगणात.

"भावजी, डोळ्याचं काम झालंय," काकी म्हणाली. "येता जाता खाटंवर आपटते. माझी अडगळ तुमच्याकडं ठेवा."

"किती दिवस?"

"मला नीट दिसेपातुर. आणि नुसती ठेवू नका, मोकळ्या खाटेत ढेकूण होतात. झोपत जा तिच्यावर."

आबानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी कोंबड्यांकडं बघत होते.

खाट दिल्यावर पाचव्या सकाळी मी मुरबाडच्या गाडीला निघाले तर आबाच्या घराशी ही गर्दी. आबा झाडू मारायला उठला होता आणि खाटेखाली, जिथं त्याची उशी असायची तिथंच, पोत्याला लागून मण्यार. काळीभोर, अंगावर पांढऱ्या बांगड्या घातल्यासारखी, गोल करून पडलेली. सहा जण काठ्या घेऊन दारात.

आणि काकी त्यांच्या आधी आत पोचलेली. पाय आपटायचे राहिलेच. ती स्टुलावर चढून उभी होती.

"काठ्या खाली," ती म्हणाली. "एकानं नेम चुकवला तर पोत्यात शिरंल, मग रातभर शोधा. मागं सरा. हाताची घडी."

सहा दाढीमिशावाल्यांनी हाताची घडी घातली.

आबा खाटेवर पाय वर घेऊन बसलेला. काकीनं मला मुरबाडच्या पोराला फोन लावायला सांगितलं आणि तो येईपर्यंत त्या मण्यारीवरची नजर काढली नाय. एका डोळ्यानं. माझी गाडी गेली. पोरगा आला, त्यानं ती अलगद बरणीत घेतली आणि झाकण लावून म्हणाला, "आबा, रातच्याला हात पडला असता तर चावलेलंपण कळलं नसतं. मुंगीएवढं लागतं. सकाळी उठला नसतास."

आबाकडं मरणावरचा एक विनोद असतो, तो आमी ऐकायच्या तयारीत होतो. पण तो काकीकडं वळून म्हणाला, "वयनी, नीट दिसायला लागलं का गो तुला?"

"नाय अजून," काकी म्हणाली, आणि माझा हात धरून स्टुलावरून उतरली.

संध्याकाळी मी तिच्या डोळ्यात औषध घालायला गेले. रोज ती ओटीवर बसून घालून घ्यायची. त्या दिवशी दमली होती, आत पडलेली होती, म्हणून मी पहिल्यांदाच आतल्या खोलीत गेले. चौकटीला नुसत्या बिजागऱ्या. दार नव्हतं. दार खोलीत आडवं होतं, चार प्लास्टिकच्या ड्रमांवर. त्यावर गोधडी आणि गोधडीवर काकी.

"काकी, दार काढलंस?"

"मापाला बरोबर बसलं बघ."

"पण आतलं दार गो."

तिनं चष्मा काढला आणि तोंड वर केलं. "घरात दोन माणसं असली तर मधलं दार लागतं. तुझा काका गेल्यापासून ते लावायची पाळी नाय आली मला. घाल थेंब."

मी थेंब घातले. मग गोधडीची कड चारी बाजूंनी त्या दाराखाली खोचली.