कापगते गुरुजींचा अपुरा श्वास

कापगते गुरुजी हजेरी घेताना अर्ध्या नावावर थांबायचे. "तुळशी..." एवढं म्हणून त्यांचं तोंड उघडं राही, खांदे कानाशी जात आणि नजर कौलांकडे लागे. तुळशीराम 'हजर' म्हणायला अर्धवट उठलेला, तो तसाच वाकून उभा. मग गुरुजींचे खांदे खाली येत. "नाही भरला," असं पुटपुटून ते नाव पुरं करीत, "...राम."

आमगावजवळच्या त्या शाळेत मी नोकरीला लागलो तेव्हा स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. गुरुजींचा वर्ग माझ्या वर्गाला लागूनच. पहिल्या दिवशी मला वाटलं, माणूस झोपाळू आहे. दुसऱ्या दिवशी न राहवून विचारलंच, "गुरुजी, जांभया फार येतात का?"

"जांभई नव्हे जी. श्वास घेऊन राहिलो."

"तो तर सगळेच घेतात."

"सगळ्यायचा तळाले जाते. माझा येऊन राहिला, पन भरून नाही राहिला." छातीच्या मधोमध दोन बोटं ठेवून त्यांनी जागा दाखवली. "इथं अटकते."

दिवसातून एखाद्या वेळी तो नीट भरे. तेव्हा ते हातातला खडू खाली ठेवून मला खिडकीतून सांगत, "आला जी!" मग पाच मिनिटं चेहरा प्रसन्न. त्यानंतर पुन्हा खांदे वर.

एकदा तपासणीला साहेब आले. शिस्त या विषयावर ते तासभर बोलले आणि तेवढ्या वेळात गुरुजींनी समोर बसून चौदा वेळा तोंड उघडलं. साहेबांनी शेवटी विचारलं, "आपल्याला कंटाळा आला का?"

"नाही जी," गुरुजी नम्रपणे म्हणाले, "तुमचं भाषण पुरं झालं. माझा श्वास पुरा नाही झाला."

त्या वाक्याचा खुलासा लिहून पाठवण्याचं काम माझ्याकडे आलं. मी तीन कागद फाडले. न भरणाऱ्या श्वासाचा खुलासा कसा लिहायचा?

गोंदियाच्या डॉक्टरांकडेही मीच त्यांना नेलं. डॉक्टरांनी पाठ ठोकली, छाती ऐकली, जीभ पाहिली आणि म्हणाले, "गुरुजी, आपको कुछ नहीं हुआ है. घर जाइए." बाहेर पायरीवर गुरुजी बसून राहिले. "मले काहीच नाही झालं म्हनते. मंग हे जे होऊन राहिलं, ते कोनाले होऊन राहिलं?"

मग कुणीतरी दरेकशाची डोंगरातली हवा सुचवली. एका रविवारी आम्ही गाडीनं गेलो. टेकडी चढून वर पोचेपर्यंत माझा भाता झाला होता. गुरुजींनी हात पसरले, जंगलाकडे तोंड केलं, हवा ओढली. नाही भरला. माझ्याकडे वळून ते हेव्यानं म्हणाले, "तुमचा कसा मस्त पुरा येऊन राहिला!"

खरं सांगायचं तर मी थकलो होतो. त्यांच्या शेजारी राहून मलाही वाईट सवय लागली होती. जेवता जेवता मी थांबे आणि आपला श्वास तळाला गेला का, ते बघे. बायको म्हणे, "शाळेत मुलं शिकवता की दुखणी शिकता?" वर्षभर एखाद्याची छाती आपल्या डोक्यावर वागवणं सोपं नसतं. मी त्यांना टाळू लागलो. मधल्या सुट्टीत ते तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, झपझप घराकडे निघत, तेव्हा मला सुटल्यासारखं होई. घरी मात्र त्यांनी मला कधी बोलावलं नव्हतं.

तिमाही परीक्षेच्या आठवड्यात ते दोन दिवस आलेच नाहीत. प्रश्नपत्रिका त्यांच्याकडे होत्या. दुपारी मी पाळीवरून पलीकडच्या टोल्यावर, त्या लहानशा वस्तीत, त्यांच्या घरी गेलो. दार सताड उघडं होतं.

खाटेवर एक बाई पुढे वाकून बसली होती. मांडीवर गोधड्यांची चळत, तिच्यावर दोन्ही कोपरं टेकलेली. प्रत्येक श्वासाला तिच्या छातीतून शिट्टी निघत होती. गुरुजी मागं बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. "घे... हळू घे... आता सोड." ती श्वास ओढी तेव्हा त्यांचे खांदे वर जात. तिचा मध्येच अडकला, की यांचाही तिथंच थांबे.

मी दारातच उभा राहिलो. बाईंनीच मला आधी पाहिलं.

"तुमी... शाळेतले ना जी?" तुकड्या-तुकड्यानं त्या बोलल्या. "यायले सांगा... थोडं पडा म्हनून. दमा माझा. बारा वर्सं झाले. श्वास मी घेतो... अन् दमते हे."

गुरुजी ओशाळले. प्रश्नपत्रिका काढून द्यायला बाहेर आले, तेव्हा हळूच म्हणाले, "शाळेत बोलू नका जी. पोरं माझ्यावर हसते, ते बरं आहे. हिची कीव केलेली हिले नाही चालत."

"मला तरी सांगायचं होतं."

"काय सांगू? डॉक्टरले तिची छाती समजते. माझी नाही समजत."

येताना पाळीवर मी मध्येच बसलो. या माणसाला मी टाळत होतो.

घरी येऊन बायकोला सारं सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक आवरून ती टोल्यावर गेली आणि पुढे रोज जाऊ लागली. दुपारभर दोघी बसत. मधल्या सुट्टीत धावत घरी जाण्याचं गुरुजींना कारण उरलं नाही. पहिले काही दिवस ते तरीही पाळीपर्यंत जाऊन परत येत.

पंधरा-एक दिवसांनी मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीत शिरलो. गुरुजी खुर्चीत मागं रेलले होते, तोंड थोडं उघडं.

"आला का पुरा?" मी विचारलं.

"नाही जी," ते डोळे न उघडता म्हणाले. "झोप येऊन राहिली."

सुट्टी संपल्याची घंटा झाली. ते हलले नाहीत. मी दार ओढून घेतलं आणि त्यांच्या वर्गावर गेलो. पोरांनी सवयीनं पाढे सुरू केले होते, शाळा दणाणून सोडत. मी हात वर करून त्यांना थांबवलं आणि सांगितलं, आज मनातल्या मनात म्हणा.