वाघोऱ्यात येणारा गुलाबी रंग

तळेखेडच्या कॉलेजात टायट्रेशन केलं की त्याचा गुलाबी रंग वाघोऱ्याच्या कॉलेजात यायचा, आणि वाघोऱ्यात केलं की तळेखेडला. दोन गावांच्या मधे एक धरण होतं आणि एसटी बदलून जावं लागायचं.

हे सुरू झालं दिवाळीनंतर. पहिल्या वर्षाच्या मुलांना टायट्रेशन दिवाळीनंतरच असतं. फ्लास्कमध्ये आम्ल घ्यायचं, त्यात इंडिकेटरचे दोन थेंब टाकायचे, वर उभ्या केलेल्या ब्युरेटच्या तोटीतून अल्क थेंबाथेंबानं सोडायचं, आणि फ्लास्कमधलं पाणी गुलाबी झालं की थांबायचं. मधुकर शिरसाट सर हे काम कितीतरी वर्षं शिकवत आले होते. बॅचा लावणं, टेबलं वाटून देणं, फुटलेल्या काचेची चौकशी करणं, सगळं त्यांच्याकडंच होतं. मुलांना ते एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगायचे. "गुलाबी म्हणजे फिका गुलाबी. आहे की नाही अशी शंका यावी, इतका फिका. शंका आली की थांबायचं."

त्या दिवशी कुणालाच शंका आली नाही. मुलांनी ब्युरेटी रिकाम्या केल्या तरी फ्लास्कमधलं पाणी आपलं पाण्यासारखंच. सरांनी इंडिकेटरची बाटली बदलली. अल्क नव्यानं बनवलं. शेवटी चष्मा काढून पुसला. काही होईना. अशात त्यांचा फोन वाजला.

"शिरसाट सर का? मी वाघोऱ्याहून नलिनी गायधनी बोलते. इथली प्रॅक्टिकलं मी बघते."

"बोला मॅडम."

"आमच्या मुलांनी अजून तोटीला हात लावलेला नाही, आणि फ्लास्क गुलाबी व्हायला लागलेत. तुमच्याकडं काही चाललंय का?"

सरांनी रिकाम्या ब्युरेटींकडं पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "गडद येतोय की फिका?"

"बाकीचे बरे आहेत. चौथ्या टेबलावरचा मात्र जांभळ्याच्या घरात गेलाय. कुणीतरी फार सढळ हातानं ओततंय तुमच्याकडं."

सरांनी वळून चौथ्या टेबलाकडं पाहिलं. तिथं तेजल पाखरे तोटी पूर्ण उघडून उभी होती.

"हो," सर फोनमध्ये म्हणाले. "आहे एक."

तेजलच्या घरी दुधाचा रतीब होता. लहानपणापासून ती माप भरून दूध घालत आली होती, आणि माप घातल्यावर वर थोडं जास्त घालायचं, ही त्या घरची रीत. गिऱ्हाईक त्यामुळं टिकून होतं. पण प्रयोगशाळेत तेच वरचं थोडं नडायचं.

सरांनी ही बाब प्राचार्यांच्या कानावर घातली. प्राचार्यांनी नीट ऐकून घेतलं.

"अभ्यासक्रमात काय म्हटलंय? रंग कुठं यावा?"

"शेवटी यावा, एवढंच म्हटलंय."

"मग शेवटी येतोय ना?"

"येतोय. वाघोऱ्यात."

"गाव लिहिलंय का अभ्यासक्रमात?"

"नाही सर."

"मग तुम्ही आणि त्या मॅडम मिळून वेळा जुळवून घ्या," प्राचार्य म्हणाले आणि चहा मागवला.

वेळा जुळवल्या. दोन्हीकडच्या पहिल्या वर्षाची बॅच एकाच वेळी भरू लागली. टेबलाला टेबल जोडून दिलं आणि प्रत्येक टेबलावर एक फोन स्पीकरवर ठेवला. इकडच्यानं थेंब सोडायचे, तिकडच्यानं रंग बघून सांगायचं. मग तिकडच्यानं सोडायचे, इकडच्यानं बघायचं. पहिले काही दिवस नुसता गोंगाट होता. मग मुलांना सवय झाली. सरांना झाली नाही. मार्क द्यायची वेळ आली की ते पेन हातात धरून बसून राहायचे. थेंब सोडणाऱ्या हाताला द्यायचे की बघणाऱ्या डोळ्यांना? हात त्यांच्या कॉलेजचा होता, डोळे दुसऱ्याच्या.

तेजलला तिकडं समाधान घुले नावाचा मुलगा मिळाला होता. फार सावकाश बोलायचा.

"थां..." तो म्हणेपर्यंत तेजलचं ओतून झालेलं असायचं.

"पूर्ण शब्द तरी बोल की," ती म्हणायची.

"बोलत होतो. तू थांबली नाहीस."

"आता काय झालं?"

"काय व्हायचं. बिटासारखा झालाय. धुतो." मग फोनमधून नळाचा आवाज यायचा. समाधाननं कधी तक्रार केली नाही. तेजलचे फ्लास्क धुता धुता त्याचा निम्मा तास जायचा.

एकदा त्यानं विचारलं, "तू स्वतःचा रंग बघितलायस का कधी?"

"कुठून बघणार? तुझ्याकडं येतो ना."

"म्हणूनच तुला कळत नाही किती घालायचं," समाधान म्हणाला. त्या दिवसापासून तेजल तोटी अर्धीच उघडू लागली. तरी वरचं थोडं सुटत नव्हतं.

उन्हं तापायला लागली तसं वाघोऱ्याचं एकेक टेबल रिकामं होऊ लागलं. कुणी नर्सिंगला गेलं, कुणी मामाकडं शिकायला गेलं. शेवटी समाधान एकटा उरला. गायधनी मॅडम रिकाम्या टेबलांवरही फ्लास्क मांडून ठेवायच्या, आणि समाधान एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत तळेखेडच्या सगळ्या बॅचला सांगायचा, "दुसरं टेबल, चालू दे. सातवं टेबल, थांब." चौथ्या टेबलापाशी तो जरा जास्त वेळ उभा राहायचा. त्याच्या सावकाश बोलण्यानं बॅचमधल्या सगळ्यांचेच हात सावकाश झाले.

मग एका दुपारी गायधनी मॅडमचा फोन आला.

"सर, एका मुलाची बॅच होत नाही, असं आमच्या प्राचार्यांचं म्हणणं आहे. दोघांची होते. या महिन्यात दुसरं कुणी आलं नाही तर प्रयोगशाळा बंद. खोलीत खुर्च्या ठेवायच्या म्हणतायत."

"आणि समाधान?"

"त्याचं वर्ष जाईल. परीक्षाच होणार नाही त्याची."

"आमच्याकडं पाठवा त्याला."

"पाठवते. पण मग तुमच्या मुलांचा रंग इथं बघणार कोण?"

समाधानला इकडं आणावं तर तिकडं डोळे राहत नाहीत. तिकडंच ठेवावं तर बॅच राहत नाही, आणि बॅच राहिली नाही तर तळेखेडच्या सगळ्या मुलांचा रंग कुठं जाणार, कुणाला ठाऊक. दोन दिवस सरांना जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी बॅचसमोर उभं राहून सांगितलं, "वाघोऱ्याला एक विद्यार्थी कमी पडतोय. कुणीतरी दाखला काढून तिकडं जावं लागेल."

मुलांनी माना खाली घालून ब्युरेटी धुवायला घेतल्या.

"मी जाते," तेजल म्हणाली. "सकाळचं दूध घालून एसटी मिळते. आणि तसाही माझा रंग तिकडंच असतो."

"तू तिकडं गेलीस की तो इकडं येईल," सर म्हणाले.

तेजलनं थोडा विचार केला. "मग?"

"मग काही नाही. आधी सांगितलेलं बरं."

"तिकडं गेल्यावर बाकीच्यांचा तरी दिसेल," ती म्हणाली आणि दप्तर आवरायला लागली.

तेजल गेली. वाघोऱ्याची बॅच दोघांची झाली आणि खुर्च्या बाहेर व्हरांड्यातच राहिल्या. परीक्षा ठरल्या दिवशी दोन्ही गावांत लागली. तळेखेडला बाहेरगावचे एक परीक्षक आले. शांत होते, डोक्याला टोपी. प्रत्येक टेबलापाशी थांबून बघत ते चौथ्या टेबलापाशी आले. तिथं पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर एक फ्लास्क ठेवला होता आणि शेजारी फोन. माणूस नव्हतं.

"हा कुणाचा?"

"तेजल पाखरेचा," शिरसाट सर म्हणाले.

"ती हजर आहे का?"

"वाघोऱ्यात हजर आहे. रंग इथं हजर होईल."

परीक्षकांनी मान हलवली. "आमच्या कॉलेजात गेल्या वर्षापासून परीक्षानळीच्या तळाशी साका बसत नाही. कुणाकडं जाऊन बसतो, अजून कळलं नाही. तुम्हाला निदान फोन तरी आला."

ते पुढच्या टेबलाकडं गेले. सर स्टूल ओढून चौथ्या टेबलासमोर बसले. तिकडं समाधान बाकीच्या सगळ्यांना थांबवण्यात गुंतला होता, त्याचा आवाज फोनमधून लांबून येत होता. तेजलचा रंग बघायचं काम सरांनी स्वतःकडं घेतलं होतं. तीन वाचनं एकसारखी आली पाहिजेत. पहिली दोन झाली, आणि दोन्हींना ती वेळेवर थांबली. तिसऱ्याला पुढं गेली, तर नापास.

"सुरू करते, सर."

"कर. आरामात."

फ्लास्क जागच्या जागी होता. त्याला कुणी हात लावत नव्हतं. थोड्या वेळानं पाण्यात मधोमध गुलाबी ठिपका उमटला आणि विरून गेला. पुन्हा उमटला, पुन्हा गेला.

"चालू दे," सर म्हणाले. "अजून एक. चालू दे. अजून एक."

ठिपके आता जरा रेंगाळून जात होते. मग एक आला आणि हलकेच सगळीकडं पसरला. सर पुढं वाकले. आहे की नाही, कळेना. त्यांनी फरशी सरळ केली. डोकं उजवीकडं करून पाहिलं, मग डावीकडं. इतक्या वर्षांत इतका फिका रंग त्यांनी पाहिला नव्हता. बघता बघता थांब म्हणायचं राहूनच गेलं, आणि ते लक्षात येताच त्यांनी फोन जवळ ओढला.

"तेजल."

"हां सर."

"थांब."

"कधीची थांबलेय."

"का?"

"तुम्ही अजून एक म्हणायचे बंद झालात. म्हटलं, सरांना शंका आली."

सरांनी हुश्श केलं. पलीकडं गायधनी मॅडमनी वाचन मोठ्यानं सांगितलं. आधीच्या दोन वाचनांइतकंच होतं. परीक्षकांनी ते उतरवून घेतलं.

"सर," तेजल म्हणाली, "कसा आहे?"

"फिका."

"फिका म्हणजे कसा?"

पुस्तकात यासाठी जो शब्द होता तो सरांना पुरेना. "कांदा चिरून धुतला की पाणी होतं ना, तसा."

"पहिलं पाणी की दुसरं?"

"दुसरं."

"इतकुसाच?"

"इतकाच लागतो."

"बाटलीत भरून पाठवता येईल का? संध्याकाळच्या एसटीनं?"

"येईपर्यंत राहणार नाही. हवा लागली की थोड्या वेळानं जातो तो."

"मग जाईपर्यंत तुम्ही बघा, सर."

"बघतो," सर म्हणाले.

परीक्षकांनी पुढचा नंबर पुकारला. सरांनी त्यांच्याकडं न पाहताच हात वर केला आणि जरा थांबायची खूण केली.