लोनाकाकूच्या शून्य पट्ट्या

माणूस कुठे चालला आहे हे सांगता येत नसलं, की तो कुठून आला हे फार महत्त्वाचं ठरतं. आमच्या लिक फोर्क खोऱ्यातून गेल्या पन्नास वर्षांत फारसं कोणी कुठे चाललेलं नाही. त्यामुळे वंशशोधनाच्या शास्त्रात आम्ही डोळे दिपतील एवढी प्रगती केली आहे.

दोनशे वर्षांपूर्वी चार माणसं बैल, बंदुका आणि बायका घेऊन अमेरिकेतल्या केंटकीचा हा डोंगर उतरली. स्परलॉक, अँबर्गी, स्टँपर आणि हेन्सली. मागून रस्ता होईल, आणखी माणसं येतील, अशी त्यांची अटकळ होती. रस्ता झाला नाही. तेव्हा त्यांच्या मुलांनी एकमेकांच्या मुलींशी लग्नं केली. त्या मुलांच्या मुलांनीही तेच केलं. आमच्यात वडीलधाऱ्यांचा कित्ता मोडायची पद्धत नाही.

या थोर इतिहासाच्या रक्षणासाठी आमचं आद्य रहिवासी वंशज मंडळ स्थापन झालं. मी एल्झी स्टँपर, सव्वीस वर्षं मंडळाचा नोंदणीप्रमुख आहे. चारांपैकी एका मूळपुरुषापर्यंत तुमची एक ओळ सिद्ध झाली, की छातीवर लावायला एक पितळी पट्टी मिळते. दोन ओळी, दोन पट्ट्या. या वर्षीची स्थिती अशी: सभासद २१२, पट्ट्या १,३१९, मूळपुरुष ४.

अध्यक्ष डेल्मर अँबर्गी यांना अकरा पट्ट्या आहेत आणि त्यांतल्या आठ एकट्या ओबडाया स्परलॉकच्या. एकाच माणसापासून आठ वेळा जन्माला येणं सोपं नाही. त्यासाठी घरच्यांचं दोनशे वर्षांचं सहकार्य लागतं. (इतर लोकांची वंशावळ वर झाडासारखी पसरत जाते. आमची बुरडाच्या टोपलीसारखी आहे. थोडी पसरते आणि मग सगळे बांबू परत एका जागी येतात. टोपली जास्त मजबूत असते, हे कोणीही मान्य करेल.)

पुराव्याच्या बाबतीत मंडळ अत्यंत कडक आहे. जिल्ह्याच्या जुन्या कचेरीला एकदा आग लागली होती. त्या आगीत एक फडताळ जळालं, असं तेव्हाच्या अहवालात म्हटलं आहे. पण आजवर आलेल्या अर्जांवरून हिशेब केला, तर त्या फडताळात दोन खोल्यांत मावणार नाहीत इतके कागद होते. घोडेचोरीच्या शिक्षा, मोडलेली लग्नं आणि लग्नाआधीची बाळं तेवढी नेमकी जळाली. जमिनीचे कागद सगळे सुखरूप राहिले.

मध्यंतरी टीव्हीवर शहरातल्या एका नकलाकाराने म्हटलं, की आमच्या डोंगरातले लोक आपल्याच बहिणींशी लग्नं लावतात. मंडळाने तातडीची सभा बोलावून निषेधाचा ठराव केला. सूचक डेल्मरदादा, अनुमोदक त्यांच्या पत्नी. (त्या त्यांच्या पाच वाटांनी चुलतबहीण लागतात, पण सगळ्या वाटा लांबच्या आहेत.) ठरावावर सही करताना प्रत्येकाने छातीवर आपल्या सगळ्या पट्ट्या लावल्या होत्या. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असावा, अशी शंका कोणाला आली नाही. मला आली होती, पण मी तेव्हा सह्या मोजत होतो.

अशा या खोऱ्यात लोनाकाकूला शून्य पट्ट्या होत्या.

लोनाकाकू म्हणजे इलोना बारटोश. तिचे वडील हंगेरीहून कोळशाच्या खाणीत कामाला आले आणि डोंगरापलीकडच्या खाणवसाहतीत राहिले. होबर्ट स्टँपर तिकडे खेचर विकायला गेला आणि परत येताना खेचर तसंच घेऊन आला, बरोबर लोना. तेव्हापासून छप्पन्न वर्षं मंडळाच्या वार्षिक जेवणाची राजमा-मक्याची भाकरी आणि सफरचंदाचा थरांचा केक तीच करत आली. जेवायला बसायच्या खुर्च्या पट्ट्यांच्या क्रमाने असतात. त्यामुळे ती स्वयंपाकघरात जेवायची. याला कोणी अपमान म्हणू नये, ती व्यवस्था होती.

होबर्ट नऊ वर्षांपूर्वी वारला. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्याने आधीच जोडदगड करून ठेवला होता. डावीकडे त्याचं नाव, उजवीकडे तिचं, तिच्या जन्माचं साल आणि पुढे एक आडवी रेघ. रेघेपुढची जागा मोकळी. दर मे महिन्यात थडगी साफ करायच्या दिवशी काकू तो दगड घासायची आणि रेघेपुढची जागा जरा जास्त घासायची.

या वसंतात मोजणी झाली, तेव्हा कळलं की टेकडीवरच्या दफनभूमीत कुंपणाच्या आत बावीसच जागा उरल्या आहेत. सभासद २१२ आणि सगळेच कधी ना कधी मरणार, असा अंदाज होता. मंडळाने नियम केला की कुंपणाच्या आत किमान एक पट्टी असलेल्यांनाच पुरलं जाईल. दगडावर काकूचं नाव आधीच कोरलेलं आहे, हे मी लक्षात आणून दिलं. त्या अर्ध्या भागावर सन्मानपूर्वक सिमेंट लावावं, अशी सूचना आली आणि ती टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली.

दुसऱ्या दिवशी काकू माझ्या कचेरीत आली. ऐंशीला एक वर्ष कमी, पण जिना न थांबता चढली.

"एल्झी, माझी एखादी ओळ शोध."

"काकू, तू बाहेरची. तुझी ओळ कुठून काढू?"

"तू डेल्मरच्या अकरा काढल्यास. माझी एक निघणार नाही का? मला खुर्ची नकोय रे, होबर्टच्या शेजारी पडायचंय. एवढंच."

मी सहा आठवडे शोधलं. खाणवसाहतीची हजेरीपुस्तकं पाहिली, जहाजांच्या याद्या मागवल्या. ओबडाया स्परलॉक कधी हंगेरीला गेला होता का, याचीही चौकशी केली. (तो आपल्या शेताच्या कडेलासुद्धा क्वचितच गेला होता.) काकूच्या अंगात खोऱ्याच्या रक्ताचा एक थेंब नव्हता.

मात्र या खटाटोपात माझ्या हातून एक अनियमितता घडली. आमचे सगळे तक्ते खालून वर जातात. मी एकदा कंटाळून वरून खाली गेलो. खोऱ्याच्या शाळेत आज सदतीस मुलं आहेत. त्यातली तेहेतीस लोनाकाकूची नातवंडं किंवा पणतवंडं निघाली. काकूला पाच मुली. पाचही जणी खोऱ्यातच दिल्या आणि हा योगायोग नव्हता. डेल्मरदादांच्या आईची तीन बाळं पाळण्यातच गेली, पुढे दादांच्या थोरल्या मुलाचंही पहिलं बाळ गेलं. तेव्हा गावच्या डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की धाकट्याला तरी बायको डोंगरापलीकडची करा. डोंगरापलीकडचं असं खोऱ्यात एकच घर होतं.

मंडळाच्या समितीची बैठक शनिवारी दुपारी भरली. सदस्य सात, नाती एकमेकांशी सरासरी चार. केक काकूनेच करून आणला होता आणि सगळ्यांनी तो दोनदा घेतला. मग मी माझी तेहेतीस नावं वाचली. डेल्मरदादा शांतपणे म्हणाले की आकडे उद्बोधक आहेत, पण मंडळ पूर्वजांचं आहे, नातवंडांचं नाही.

काकू दाराजवळ उभी होती. ती म्हणाली, "डेल्मर, धाकट्याला स्वतः गाडीत घालून माझ्या अंगणात आणून सोडलंस, तेव्हा माझ्या पट्ट्या मोजल्या नव्हत्यास."

डेल्मरदादांनी केकची बशी खाली ठेवली. त्यांचा चेहरा पडला, हे खरं. पण अध्यक्षाला चेहऱ्यावर चालता येत नाही, नियमावर चालावं लागतं.

मग मी नियमाचाच आधार घेतला. मी म्हटलं, की नियम तंतोतंत पाळायचा, तर कुंपणाच्या मधोमध झोपलेल्या चारही मूळपुरुषांना एकही पट्टी नाही, कारण ते कोणाही मूळपुरुषाचे वंशज नाहीत. त्यांना आधी बाहेर काढावं लागेल. पाऊण तास चर्चा झाली आणि चौघांनाही स्वतःचे वंशज म्हणून प्रत्येकी एक पट्टी मरणोत्तर देण्यात आली. (त्यामुळे एकूण पट्ट्या आता १,३२३.)

"आणि त्यांच्या बायका?" मी विचारलं.

चार मूळपुरुषांशेजारी चार दगड आहेत. त्यांवर फक्त 'त्याची पत्नी' एवढंच कोरलंय. नोंदवहीत त्यांची नावं नाहीत. त्या कुठल्या, कोणाच्या मुली, कोणालाच ठाऊक नाही. म्हणजे चौघी बाहेरच्या, चौघी बिनपट्टीच्या आणि चौघी आत. मला वाटलं, आता जिंकलो.

पण समितीचे कायदेशीर सल्लागार रॉस्को हेन्सली उभे राहिले. (शाळेची बस चालवत, पण त्यांचा मेव्हणा कोर्टात झाडायला होता.) ते म्हणाले, हा दाखला फार महत्त्वाचा आहे. यावरून सिद्ध होतं, की बाहेरच्या बाईला कुंपणाच्या आत जागा देण्याची आपली प्रथा जुनीच आहे; अट एवढीच, की तिचं नाव माहीत नसावं.

ठराव एकमताने झाला. लोनाकाकूला होबर्टशेजारी जागा मंजूर. दगडावरचं 'इलोना बारटोश स्टँपर' तासून तिथे 'त्याची पत्नी' असं कोरावं. नोंदवहीतही तशीच दुरुस्ती करावी.

मी काकूकडे पाहिलं. मला वाटलं, ती केकची उरलेली थाळी उचलून चालू लागेल.

"तासा," ती म्हणाली. "मला तिथे पडायचंय, वाचत बसायचं नाहीये. होबर्टला माझं नाव ठाऊक आहे."

नोव्हेंबरात ती गेली. तेहेतीस मुलं काळे कपडे घालून टेकडी चढली. डेल्मरदादांनी शवपेटीला खांदा दिला आणि ते सगळ्यांदेखत रडले, त्या दिवशी त्यांच्या छातीवर एकही पट्टी नव्हती. त्यानंतर मी कचेरीत येऊन नोंदवही उघडली, तिच्या नावावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'पत्नी (बाहेरची)'. हस्ताक्षर माझंच आहे. मला त्याची लाज वाटते, आणि लाजेसाठी आमच्या नोंदवहीत रकाना नसल्यामुळे ती इथे नोंदवून ठेवतो.

डोंगरातली अडाणी माणसं, असं तुम्हाला वाटलं असेल. वाटू द्या, आम्हाला सवय आहे. मंडळाचं सभासदत्व आता बाहेरच्यांनाही खुलं केलंय, तेव्हा अर्ज तुमच्यापुढेही ठेवतो. आजोबांचं नाव लिहा. त्यांच्या वडिलांचं लिहा. त्यांच्याही वडिलांचं, मूळ गावासकट, तुम्ही घडाघडा लिहाल, यात मला शंका नाही. त्याच्या खालच्या ओळीत तुमच्या आजीच्या आईचं नाव विचारलंय, माहेरचं, आडनावासकट.

लिहा. मी थांबतो.