करमरकर काकांचा तोंडी पेपर

लंडनच्या पिनर उपनगरात आमच्या शेजारी राहणारे करमरकर काका कुठलंही गाव पाहून झालं की त्यावर तोंडी परीक्षा घेतात. चर्चमधून बाहेर पाऊल टाकलं की लगेच, "आत खांब किती होते?" उत्तर चुकलं की मार्क कापतात. ते कशातून कापतात हे कुणालाच कळलेलं नाही. हे खूळ यंदाचंच. आधी बाथ शहर झालं, मग विंडसर झालं, आणि दोन्हीकडे मी नापास झालो.

काकांनी उभा जन्म ब्रिस्टलला विमानांचे सुटे भाग तपासण्यात घालवला. त्यामुळे त्यांच्या लेखी वस्तू 'पास' तरी असते, नाहीतर 'रिजेक्ट'. माझी लॉन गेली कित्येक वर्षं रिजेक्ट आहे. आमचा बॉयलर दुरुस्त करायला आलेला पोलिश माणूस मात्र पास झाला. त्यानं आपलं गाव क्राकाव फार सुंदर असल्याचं सांगितलं, आणि काकांनी चौघांची तिकिटं काढून मगच मला कळवलं. काका, सुमनकाकू, माझी बायको अंजू आणि मी. मला त्या बँक हॉलिडेच्या जोडसुट्टीत नुसतं झोपायचं होतं.

तीन दिवस आम्ही चाललो. दगडी रस्ते, मग चढ, मग पुन्हा दगडी रस्ते. राजवाड्याच्या टेकडीवर माझे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा काका तटबंदीची लांबी पावलांनी मोजत होते. एका राजाच्या थडग्यावर मी जरा टेकलो, तर तिथल्या देखरेखीच्या बाईंनी मला उठवलं आणि काकांनी दोन मार्क कापले.

संध्याकाळी जेवताना दिवसभराचा पेपर व्हायचा. अंजू टेबलाखाली गाइडबुक उघडून बसायची. काकू नुसत्या हसायच्या आणि "आधी तुम्ही सांगा" म्हणायच्या. खरं तर इतिहास हा त्यांचाच विषय, लग्नाआधी साताऱ्याला शाळेत शिकवायच्या. गंमत म्हणजे कधीकधी काकांनाही उत्तर यायचं नाही. खांब मोजून डायरीत लिहिणारा माणूस "विसरलो बुवा" म्हणायचा. मी मनात खूश व्हायचो.

तिसऱ्या दिवशी चौकातल्या मोठ्या चर्चपाशी आलो. त्याचे दोन मनोरे उंचीला सारखे नाहीत, म्हणून काकांनी ते पाहताक्षणी रिजेक्ट केलं. उंच मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते आणि सूर मध्येच तुटतो. जुन्या काळी शत्रू येताना दिसला म्हणून पहारेकऱ्यानं तुतारी फुंकली आणि सूर पुरा व्हायच्या आत त्याच्या गळ्यात बाण शिरला, अशी आख्यायिका काकांनी सकाळी सांगितली होती. दुपारी तुतारी वाजली आणि प्रश्न आला, "का थांबली?"

या वेळी काकू हसल्या नाहीत. हातातल्या रुमालाची घडी घालत राहिल्या. काका म्हणाले, "मलाही आठवेना."

म्हटलं, आता सापडले. मी बाणासकट सगळी गोष्ट रंगवून सांगितली. काकांना शून्य मार्क दिले. वर काकूंना म्हटलं, "तुम्ही तर इतिहासाच्या टीचर!" कुणीच हसलं नाही.

कॉफीच्या रांगेत काका माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "काकूचं विसरणं वाढलंय, मिलिंद. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा. एकटीला विचारलं की घाबरते, म्हणून सगळ्यांना विचारतो. आणि तिला आलं नाही, की मलाही येत नाही. तेवढं सांभाळ रे."

मला माझीच लाज वाटली.

कॉफी संपेपर्यंत पुन्हा तास भरला. तुतारी वाजली आणि तुटली. काकूंनी वर पाहिलं आणि मला विचारलं, "मध्येच का रे थांबला तो?"

अंजू बोलणार होती. मी तिचा हात दाबला.

"कोण जाणे, काकू," मी म्हणालो. "काका, तुम्हाला ठाऊक आहे का हो?"

काकांनी खुर्ची काकूंच्या जवळ ओढली आणि गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली.