गुलाबरावांचं हाड

आमच्या शेजारच्या गुलाबरावांकडे पाहुणा आला, की ते त्याला आधी पाणी देतात आणि मग स्वतःचं हाड दाखवतात. लोणच्याच्या छोट्या बरणीत कापसावर ठेवलेला बोटाएवढा पिवळट तुकडा. "पाहा, माह्या नडगीतला हाय." पाहुण्याचं पाणी घशातच अडकतं.

गुलाबराव परतवाड्याच्या बाजारात वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर विकतात. सगळं स्वतःच्या दोन एकरांतलं. "जित्तं हाय ना? मंग टेन्शन कायले?" हे त्यांचं पालुपद. कोमेजलेल्या मिरचीच्या रोपालाही ते असंच म्हणतात आणि दवाखान्यातून घरी आलेल्या माझ्या सासऱ्यांनाही तेच म्हणाले.

पूर्वी एकदा ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली आणि त्यांची उजवी नडगी मोडून हाड कातड्याबाहेर आलं. आत स्टीलची पट्टी ठोकून हाड कसंबसं बसवलं, पण जखम मिटेना. महिनाभर कोरडी राहायची, पुन्हा फुटून घाण वासाचा पू यायचा. गोळ्या झाल्या, मलमं झाली, कुणी सांगितलेला पाला झाला. सात वर्षं गेली. शेवटी अकोल्याच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याखालून पाय काढावा लागेल.

"बोटं हालून राहिले ना साहेब? मंग जित्ता पाय काढता काहून?" एवढं विचारून गुलाबराव उठले आणि लंगडत बाहेर आले.

मग मी त्यांना अमरावतीच्या इंगळे मॅडमकडे घेऊन गेलो. मॅडमनी एक्स-रे उजेडात धरला. "काका, हाडाचा हा तुकडा मेलाय. औषध रक्तातून जातं, आणि ह्यात रक्तच पोचत नाही."

"म्हंजे ठिबकची नळी चोक हाय. वरून कितीही पानी सोडा, झाडाले भेटतच नाई."

"अगदी बरोबर!" मॅडम हसल्या. "मेलेलं सगळं काढायचं, ताजं रक्त दिसेपर्यंत. मध्ये खड्डा पडेल, तो नंतर भरून काढू. पण खर्रा आजपासून बंद. तंबाखूनं हाड भरत नाही."

इतका वेळ शूर असलेले गुलाबराव इथे ढासळले. "मॅडम, त्याच्यापरीस पायच..."

सोबत आलेल्या सुमनकाकूंनी नवऱ्याच्या खिशातून खर्ऱ्याची पुडी काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. विषय संपला.

ऑपरेशन दोनदा झालं. पहिल्यात जुनी पट्टी, स्क्रू आणि मेलेलं हाड निघालं, पोकळीत औषधाचे मणी भरले. नमुने तपासणीला गेले. उरलेला तुकडा गुलाबरावांनी हट्टानं मागून घेतला. दुसऱ्यात पायाभोवती लोखंडी कड्या बसल्या, हाडातून आरपार गेलेल्या तारांवर ताणलेल्या. वरचं चांगलं हाड कापून, नट फिरवत फिरवत रोज एक मिलिमीटर खाली सरकवायचं, की त्याच्या मागे नवं हाड तयार होत येतं. दिवसातून चार वेळा, पाव पाव मिलिमीटर.

हे काम गुलाबरावांनी स्वतःकडे घेतलं. लेंग्याचा एक पाय उसवून ते ओट्यावर बसायचे, पान्यानं नट फिरवायचे आणि गल्लीला ओरडून सांगायचे, "पाव झालं!" दारावर भाजी घ्यायला येणाऱ्या नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं, भाजीचंच चाललंय.

"कसं चाललंय?" मी विचारायचो.

"सांभार बी याच्यापेक्षा लवकर उगवते मास्तर. पन हाड माह्या घरचं हाय, त्याले घाई नाई."

एकदा तारांपाशी पिकलं. ताप चढला. दुपारी मी गेलो तर पाना खाली पडलेला आणि गुलाबराव भिंतीकडे तोंड करून निजलेले. "मास्तर, हारलो वाटते," एवढंच म्हणाले. तसंच गाडीत घालून अमरावती गाठली. मॅडमनी दोन तारा बदलल्या, इंजेक्शनं सुरू केली. चौथ्या दिवशी फोन आला. "जित्तं हाय! पाना धाडून द्या!"

वर्ष होत आलं तेव्हा कड्या निघाल्या. एक्स-रेत हाड सलग, जखम कोरडी. पुढे काही महिने काठी, मग तीही सुटली. त्या दिवशी गुलाबराव वांग्यांची टोपली डोक्यावर घेऊन बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. भाजीवाल्या बाया टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या. सुमनकाकू सगळ्यांना पेढे देत सुटल्या होत्या आणि नवऱ्यावर खेकसत होत्या, "हळू चाला ना जी!" पण हळू चालायला गुलाबराव तयारच नव्हते.

यंदा बायकोचा गुडघा दाखवायला मी मॅडमच्या दवाखान्यात गेलो. वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते. पायाच्या जखमेला पट्टी, पण वास खोलीभर. घरची माणसं नाकाला रुमाल लावून दाराशी उभी. आणि खाटेला लागून ठेवलेल्या बाकावर गुलाबराव भाकर खात बसले होते. अर्धी भाकर त्या म्हाताऱ्याच्या हातात होती.

"हे काका दर बुधवारी येतात," सिस्टर म्हणाली.

मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "नात्यातले आहेत का?"

"नाई. नाव बी मालूम नाई." त्यांनी घास गिळला. "सात वर्सं येक सुमन सोडली त माह्याजवळ बसून कोनी जेवलं नाई मास्तर. तुमी बी नाई."

मी मान खाली घातली.

"जेवान झालं काय तुमचं?" त्यांनी विचारलं, आणि बाकावर सरकून मला जागा केली.