दम्याचा पंप एकदा दाबून बघण्याविषयी

खात्री करून घेणे हे सुसंस्कृत माणसाचे पहिले लक्षण आहे. नारळ कानाशी हलवून घ्यावा, माठ बोटाने वाजवून घ्यावा, बल्ब दुकानातल्या होल्डरला लावून, पेटवून, विझवून मगच खोक्यात घालावा. जो न बघता घेतो त्याला आपल्याकडे साधा माणूस म्हणतात (तोंडावर, मागे काय म्हणतात ते छापण्यासारखे नाही). बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत आजवर न बघता घेतलेल्या गोष्टींची संख्या सात असून त्यातले चार जावई आहेत.

भिगवणचे मासळीचे व्यापारी बादशाहभाई हे या शास्त्रातले मोठे अधिकारी. तीस वर्षांत त्यांनी एकही मासा कल्ला उचलून आतला लाल रंग बघितल्याशिवाय घेतलेला नाही. समोर चिलापी असो की मरळ, त्यांचा अंगठा आपोआप कल्ल्याखाली जातो. त्याला बादशाहभाईंची परवानगी लागत नाही. (हा अंगठा पुढे लागणार आहे. लक्षात ठेवावा.)

त्यांच्या पत्नी रशीदा यांना दमा आहे. उसाचे पाचट पेटवायचे दिवस आले की त्या एका दमात तीनच शब्द बोलतात. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात फापटपसारा अजिबात नसतो. ही सोय बाकीच्या जनतेलाही उपलब्ध करून द्यावी असे बादशाहभाईंचे मत आहे.

आता दम्याच्या पंपाविषयी. त्याच्या पाठीला एक बारीक खिडकी असते. पंप एकदा दाबला की खिडकीतला आकडा एकाने उतरतो. औषध छातीत गेले की हवेत उडाले, हा भेद खिडकीला कळत नाही. नवा पंप १२० पासून सुरू होतो.

रशीदाचा पंप त्या सकाळी ६ वर होता.

तुटवड्याची रचना

पंप कुठेच नव्हता. भिगवणच्या मेडिकलवाल्याने सांगितले, "भाई, वरूनच माल न्हाय." त्याचे वर म्हणजे इंदापूर. बादशाहभाई आदल्या दिवशी इंदापूरला गेले. तिथलाही म्हणाला, वरूनच माल न्हाय. त्याचे वर म्हणजे बारामती. बारामतीचे वर पुण्यात होते आणि पुण्याचे वर कुठे आहे ते बारामतीत कुणालाच सांगता येईना. एका दुकानदाराने नुसते छताकडे बोट केले. बादशाहभाईंनीही वर बघितले. पंखा होता.

एकूण दुकाने बावीस. मिळालेले पंप शून्य. पंपाऐवजी मिळालेल्या वस्तू: कपाळाला लावायचा बाम, आल्याच्या गोळ्या, आणि "पाणी भरपूर प्या" हा सल्ला (चार ठिकाणी, पाणी एकाही ठिकाणी दिले नाही).

गावातल्या डॉक्टरांनी सांगून ठेवले होते, पंप संपला तर मुकाट्याने दवाखान्यात आणा, वाफेच्या मशीनवर बसवू. पण रात्रंदिवस माणूस मशीनवर ठेवता येत नाही. घरात पंप हवाच.

आणि सकाळी नऊला फोन आला.

कोऱ्हाळ्याचा पंप ३१ · रशीदाचा ६

फोन कोऱ्हाळे बुद्रुकच्या कुंडलिकतात्यांचा. तात्या म्हणजे बादशाहभाईंचे मरळीचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या चुलती आक्काबाई चार महिन्यांपूर्वी वारल्या. आक्काबाई संपल्या, पंप उरला. तारीख पुढच्या वर्षापर्यंतची.

"एकतीस हायेत भाई. तुमी कशाला हेलपाटा घालताय, वैनीपाशी थांबा. रामहरी दुधाचा टेम्पो घेऊन निघालाच हाय बारामतीला."

आपल्या भागात वस्तू अशीच जाते. कुणीतरी तिकडे निघालेलाच असतो. बादशाहभाईंनी बारामतीतले आपले साडू अफजल यांना फोन लावला, की टेम्पोतून घे आणि भिगवणच्या वडापच्या जीपमध्ये दे. व्यवस्था चोख झाली.

पाच मिनिटांनी तात्यांचा पुन्हा फोन. "चालू हाय बरं का पंप. बघितला."

"बघितला म्हंजे?"

"दाबून. कागदात लिवलंय, लई दिवस पडून असला तर आधी तीनदा हवेत मारा. मारला. मग सूनबाई म्हणली मला न्हाय दिसलं, तिला दावला."

पहिल्या तीन दाबांना शास्त्राचा आधार होता. चौथ्यापासून परंपरा सुरू झाली.

२७ · ६

रामहरी हा सरळ माणूस. सरळ माणूस दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेताना आधी स्वतःचा बचाव बघतो.

"तात्या, उद्या म्हणाल मी चालू दिला आन ह्यानं बंद पाडला." त्याने स्वतः दाबला. मग तात्यांनी दाबून दाखवला, की माझ्या हातातही तसाच चालतो. मग डेअरीच्या सचिवांनी पंच म्हणून दाबला, कारण नुसते बघणारा पंच कच्चा धरतात.

रामहरीचा फोन: "भाई, काळजीच सोडा. तिघांनी बघितलाय."

रशीदाने सगळे ऐकले. दोनदा पंप ओढला, आणि म्हणाली, "त्यांना सांगा... दाबू नका."

बादशाहभाईंनी सांगितले. रामहरी दुखावला. "माझ्यावर इश्वास न्हाय व्हय?"

२४ · ४

अफजल यांचे बारामतीत मोबाईल दुरुस्तीचे दुकान. तोंडी सांगण्यावर त्यांचा विश्वास नाही. पंप हातात आल्यावर त्यांनी एकदा दाबला आणि मग साडूंची खात्री पटावी म्हणून व्हिडिओ काढला. पहिल्या व्हिडिओत बोट आडवे आले. दुसऱ्यात पंप दिसला पण फवारा दिसेना, पाठीमागे पांढरी भिंत होती. तिसरा काळ्या पडद्यापुढे घेतला. त्यात फवारा अतिशय सुंदर आला होता.

बादशाहभाईंनी व्हिडिओ बघितला आणि ओरडले, "अफजल, आता दाबू नको!"

"का? अडकतोय का मधी?" अफजल घाबरले. फोनमधूनच आवाज आला: फुस्स. "न्हाय हो भाईजान. एक नंबर चाललाय."

रशीदाने डोळे मिटले. पुन्हा दोनदा ओढला.

१९ · २

वडापची जीप सात माणसांची असते, म्हणून तीत पंधरा बसतात. चालक आप्पासाहेब हे पंधरावे. अनोळखी वस्तू गाडीत ठेवायची तर ती काय आहे हे चालकाला कळलेच पाहिजे. त्यांनी दाबला. १८.

मग शेजारच्याने विचारले, काय हाय? त्याला दाखवला. मागच्याने विचारले, मलाबी बघू. जीपमध्ये लोकशाही असते. चौदा उतारूंपैकी तेरा जणांनी खात्री केली (चौदावा झोपला होता, उठवल्यावर पुरेसे उरले नाहीत असे समजून त्याने मोठेपणाने नकार दिला). एका आज्जींनी फवारा गुडघ्यावर मारून घेतला आणि फरक असल्याचे सांगितले.

आप्पासाहेबांचा फोन: "भाई, अख्ख्या गाडीनं पास केलाय तुमचा पंप. तुमच्या मंडळींना लवकर बरं वाटू दे म्हणत्यात सगळी."

तेरा अनोळखी माणसांच्या शुभेच्छा आणि तेरा फवारे. दोन्ही हवेत.

भिगवणात रशीदा उशीला पाठ टेकून बसली होती, खांदे वर खाली होत होते. तिने उरलेले दोन ओढले.

५ · ०

बादशाहभाईंनी गाडीची किल्ली उचलली. "चल दवाखान्यात."

तेवढ्यात शेजारचा धम्मदीप फोनवर आला. तो लोणी देवकरला कंपनीत आहे, माल तपासायच्या खात्यात. पहिली पाळी सुटून तो चौकात उतरला होता आणि जीप समोरच उभी राहिली होती. "काका, घेतलाय ताब्यात. पाच मिन्टात आलो. पण हे लोक काय पद्धतीनं तपासत न्हाईत. मी नीट करून आणतो."

"अरं बाबा नको—"

"काका, एका नमुन्यावर माल पास करायचा नसतो. तीन लागतात."

तीन घेतले. तिन्ही समाधानकारक. तिसरा किंचित जोरात वाटला म्हणून चौथा.

१ · ०

धम्मदीप धावत घरात आला. रशीदाच्या ओठांवर निळसर छटा दिसायला लागली होती. तिने हात पुढे केला होता. धम्मदीपने पंप बादशाहभाईंच्या हातात दिला, आणि बादशाहभाई तिच्याकडे वळले.

वस्तू हातात आली. तीस वर्षांत जे एकदाही चुकले नव्हते, ते याही वेळी चुकले नाही. अंगठ्याला परवानगी लागत नाही.

फुस्स.

पांढरा ढग खिडकीतल्या उन्हात जरा वेळ तरंगला आणि उजनीच्या दिशेने निघून गेला.

रशीदाने नवऱ्याकडे बघितले. तिच्यापाशी तीन शब्द होते.

"चालू... हाय... का?"

"व्हय," बादशाहभाई म्हणाले. "चालू हाय."

० · ०

त्यांनी तिला उचलून धम्मदीपच्या मदतीने गाडीवर मधे बसवले आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी मशीन लावले, तोंडावर मुखवटा चढवला. बादशाहभाई पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. दोन्ही हात त्यांनी स्वतःच्या काखेत घट्ट धरले होते.

वीस मिनिटांनी छातीतली शिट्टी उतरली. ओठांना रंग आला. रशीदाने मुखवटा बाजूला केला, पोटभर श्वास घेतला आणि म्हणाली:

"लगीन ठरवताना माझ्या बापानं तुमचा कल्ला उचलून बघायला पायजे हुता."

गेल्या महिन्याभरातले हे तिचे सगळ्यात लांब वाक्य. बादशाहभाई भिंतीकडे तोंड करून रडले.

आठ दिवसांनी वरून माल आला. रशीदा स्वतः मेडिकलमध्ये गेली, सीलबंद खोके घेतले आणि पदराखाली धरून घरी आणले. कुंडलिकतात्या, रामहरी, अफजल, आप्पासाहेब, धम्मदीप असे सगळे एकामागून एक चौकशीला येऊन गेले. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता आणि प्रत्येकाला दारातूनच चहा देण्यात आला.

जीपमधल्या तेरा जणांत चूक कुणाची, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. ते स्वतः जीपमध्ये असते तर चौदाव्यासारखे झोपले असते, अशी त्यांची खात्री असेल. त्यांच्यासाठी नव्या पंपाचा माथा वरून जसा दिसतो तसा खाली छापला आहे. हा नुसता शाईचा गोल आहे. तो दाबल्याने काहीही होत नाही, हे आपण जाणताच. तरी कृपया त्यावर अंगठा ठेवू नये. खिडकीत आत्ता १२० आहेत.

◯

११९.